बोट कुठे उतरणार, हे आधी ठरायला हवे

प्रश्न असा आला आहे: आश्रय मागणाऱ्या लोकांची सीमेपार चोरटी वाहतूक थांबवण्यासाठी शेजारी देश कितीतरी वर्षे एकत्र काम करत आहेत. परिषदा होतात, जाहीरनामे निघतात, गस्त वाढते. तरीही बोटी निघतच राहतात. सहकार्य कमी पडते आहे, की ते चुकीच्या जागी होते आहे?

माझ्या मते ते चुकीच्या जागी होते आहे. बोट निघू नये आणि निघालीच तर अडवली जावी, इथपर्यंत देशांचे पटकन जमते. पण बोटीतली माणसे कोणत्या किनाऱ्यावर उतरणार, त्यांना कोण सांभाळणार आणि तिथून पुढे ती कुठे जाणार, हे विचारले की प्रत्येक देश आपापल्या घरात जाऊन दार लावून घेतो. दलालाचा धंदा चालतो तो नेमका याच मोकळ्या राहिलेल्या जागेत.

मी निर्वासितांच्या कायदेशीर मदतीचे काम करते. वीसेक वर्षे झाली, त्यातली बहुतेक आग्नेय आशियात गेली. आश्रयाच्या मुलाखतीसाठी माणसांची तयारी करून घेणे, स्थानबद्धता केंद्रांत अडकलेल्यांची कागदपत्रे करणे, चोरट्या वाहतुकीच्या खटल्यांत साक्षीदारांच्या बाजूने उभे राहणे, हे रोजचे काम. म्हणून उदाहरणे तिथल्याच समुद्रातली देते.

आधी शब्दांचा गुंता सोडवते. मराठीत आपण सगळ्यालाच ‘मानवी तस्करी’ म्हणून मोकळे होतो. कायद्याने हे दोन वेगळे गुन्हे आहेत. पैसे घेऊन एखाद्याला त्याच्या मर्जीने बेकायदा सीमेपार नेणे, ही चोरटी वाहतूक. फसवून, धाकाने किंवा जबरदस्तीने माणसाला शोषणासाठी ताब्यात घेणे, हा मानवी व्यापार. संयुक्त राष्ट्रांचे याविषयीचे दोन वेगळे पूरक करार 2000 साली झाले. चोरट्या वाहतुकीविषयीचा करार 28 जानेवारी 2004 पासून लागू आहे. त्यातली तीन कलमे कायम लक्षात ठेवावी लागतात. कलम 3 म्हणते, गुन्हा ठरायला आर्थिक किंवा अन्य भौतिक फायद्याचा हेतू लागतो. म्हणजे बुडणाऱ्याला बोटीत घेणारा कोळी गुन्हेगार ठरत नाही. कलम 5 म्हणते, ज्याची वाहतूक झाली त्या माणसावर केवळ त्या कारणाने या कराराखाली खटला भरायचा नाही. आणि कलम 19 म्हणते, या कराराने 1951 च्या निर्वासित करारातल्या जबाबदाऱ्यांना बाधा येत नाही. माणसाला जिथे जिवाला धोका आहे तिथे परत ढकलायचे नाही, ही त्यातली सर्वांत मोठी जबाबदारी.

कागदावर हे नीट बसते. अडचण अशी की हा समुद्र ज्या देशांना लागून आहे त्यांतले इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, म्यानमार आणि बांगलादेश हे पाचही देश 1951 च्या करारात नाहीत. (भारतही नाही. चोरट्या वाहतुकीचा करार मात्र भारताने 2011 मध्ये स्वीकारला.) त्यामुळे एका हाताला गुन्ह्याचा कायदा भरभक्कम आणि दुसऱ्या हाताला संरक्षणाचा कायदा जवळपास नाहीच, अशी स्थिती होते. इंडोनेशियाच्या 2011 च्या इमिग्रेशन कायद्यात चोरट्या वाहतुकीला किमान 5 आणि कमाल 15 वर्षे कैद आहे. निर्वासितांना सांभाळण्याविषयीचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश, क्रमांक 125, यायला 2016 उजाडले.

आता धंदा कसा चालतो ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय सहकार्य कुठे हवे हे कळत नाही.

एखादा सूत्रधार कुठेतरी बसून सगळी साखळी हलवतो, असे चित्र लोकांच्या मनात असते. मी पाहिले ते सुट्या सुट्या दुव्यांचे काम होते. छावणीत माणसे गोळा करणारा बहुधा त्यांच्यातलाच, ओळखीचा. किनाऱ्यापर्यंत नेणारा वेगळा, बोटीचा मालक वेगळा, पलीकडे उतरवून घेणारा आणखी वेगळा. एकाला दुसऱ्याचे खरे नावही माहीत नसते. या सगळ्यांना जोडून ठेवतो तो पैसा. काही मार्गांवर पैसे दोघांच्या विश्वासातल्या तिसऱ्या माणसाकडे ठेवतात, आणि प्रवासी सुखरूप पोहोचल्याचा फोन आला की तो दलालाला मोकळे करतो. हुंडीचीच पद्धत. प्रवाशाला यात थोडीफार हमी मिळते.

म्यानमारमधून पळणाऱ्या रोहिंग्यांच्या मार्गावर 2012 नंतर हे बदलले. सुरुवातीला थोडे पैसे, कधी काहीच नाही, आणि मग थायलंड-मलेशिया सीमेवरच्या जंगलात डांबून घरच्यांकडून खंडणी. दीड-दोन हजार डॉलर मागत. फोनवर मारहाणीचा आवाज ऐकवत. माणूस बोटीत चढला तेव्हा ती चोरटी वाहतूक होती, जंगलात उतरला तेव्हा तो मानवी व्यापार झाला, आणि ही रेषा त्याने नेमकी कोणत्या रात्री ओलांडली हे त्यालाही सांगता येत नाही. अशा माणसाला ‘तू प्रवासी की बळी’ असे विचारून एका रकान्यात बसवायचे असते. माझ्या कामातला हा सगळ्यात जड भाग आहे आणि अजूनही तो हलका झालेला नाही.

पकडले कोण जाते? बोटीवरचा खलाशी. ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या बोटींवर पूर्व इंडोनेशियातल्या गरीब मासेमार गावांतली माणसे असत, आणि त्यांत अल्पवयीन मुलेही होती. मनगटाचा एक्स-रे काढून वय ठरवायचे आणि मुलांना प्रौढांच्या तुरुंगात ठेवायचे, हे ऑस्ट्रेलियात घडले. तिथल्या मानवाधिकार आयोगाने 2012 मध्ये त्यावर अहवाल काढून ही पद्धत भरवशाची नसल्याचे सांगितले. पकडलेली बोट नष्ट करतात, म्हणून आयोजक मुद्दाम कुजकी, टाकाऊ बोट पाठवतो. म्हणजे कारवाई कडक झाली की आयोजकाचा खर्च फारसा वाढत नाही, प्रवाशाचा धोका वाढतो.

यावर 2015 चा मे महिना बारकाईने पाहावा असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. 1 मे रोजी थायलंडच्या सोंखला प्रांतात, मलेशियाच्या सीमेजवळ पडांग बेसार इथे, जंगलात प्रेते पुरलेली सापडली. थोड्याच दिवसांत सीमेपलीकडे मलेशियाच्या पर्लिस राज्यात वांग केलियनजवळ 139 थडग्यांचा पत्ता लागला. थायलंडने जोरात धरपकड सुरू केली. पोलिसी नजरेने पाहिले तर हे यशच होते. पण किनाऱ्यावरची साखळी तुटली तेव्हा बोटी समुद्रात होत्या, आणि त्यांवरचे चालक माणसांना तिथेच सोडून पळाले. हजारो लोक अन्नपाण्यावाचून अंदमान समुद्रात तरंगत राहिले. थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया या तिन्ही देशांच्या नौदलांनी त्यांना थोडे इंधन, थोडे पाणी देऊन आपल्या हद्दीबाहेर लोटले.

शेवटी त्यांना किनाऱ्यावर आणले ते इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या कोळ्यांनी. आचेत ‘पांगलिमा लाओत’ नावाची समुद्राच्या रिवाजांची जुनी संस्था आहे. समुद्रात कोणी संकटात असेल तर त्याला वाचवायचे, तो कोण हे विचारायचे नाही, असा तिचा दंडक. तो त्यांनी पाळला.

20 मे रोजी तिन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री मलेशियात पुत्राजया इथे भेटले. मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी सुमारे 7,000 लोकांना तात्पुरता आसरा द्यायचे मान्य केले. अट एकच: वर्षभरात त्यांची व्यवस्था जगाने करायची. 29 मे रोजी बँकॉकमध्ये 17 देशांची बैठक झाली. लक्षात घ्या, धरपकडीचे सहकार्य आधी सुरू झाले आणि माणसे उतरवण्याचे बोलणे तीन आठवड्यांनी. त्या तीन आठवड्यांत माणसे मेली. हा क्रम उलटा असता, म्हणजे उतरवण्याची जागा, जेवण, डॉक्टर, नोंदणी यांची तयारी आधी आणि छापे नंतर, तर किती जीव वाचले असते याचा विचार मला आजही सोडत नाही.

तुम्ही म्हणाल, यासाठीच तर प्रादेशिक व्यासपीठ आहे. आहे. बाली प्रक्रिया नावाने ते ओळखले जाते, फेब्रुवारी 2002 मध्ये सुरू झाले, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया मिळून त्याचे अध्यक्षपद सांभाळतात. चाळीसहून जास्त देश त्यात आहेत, भारतही आहे. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना याही सदस्य आहेत. 2011 मध्ये त्यांनी प्रादेशिक सहकार्याची चौकट ठरवली आणि 2012 मध्ये बँकॉकला साहाय्य कार्यालय उघडले. पण सगळे ऐच्छिक. कोणावर काहीच बंधन नाही. 2015 च्या संकटात ही यंत्रणा हललीच नाही, आणि हे मंत्र्यांनीच पुढे मान्य केले. मार्च 2016 च्या बाली जाहीरनाम्यात आणीबाणीत तातडीने सल्लामसलत करण्याची सोय केली गेली. बोटीतल्या माणसांना कुठे उतरवायचे याचे पर्याय आधीपासून ठरलेले असावेत, हा विचारही त्या वेळी मांडला गेला.

तो शब्दांतच राहिला. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, बांगलादेशच्या तटरक्षक दलाने एक बोट किनाऱ्याला आणली. तिच्यावर जवळपास 400 रोहिंग्या होते, सुमारे दोन महिने समुद्रात भटकून आलेले. ते मलेशियाला निघाले होते, तिथे उतरू दिले गेले नाही. वाटेत कित्येक जण मेले आणि त्यांना समुद्रातच सोडावे लागले. जाहीरनाम्याला तेव्हा चार वर्षे झाली होती.

असे का होते, याला मी केवळ निर्दयपणा म्हणणार नाही. यामागे एक साधा हिशेब आहे. ज्या देशाने बोट उतरवून घेतली, ती माणसे त्याच देशाच्या माथी कायमची बसतात. पुढे कोणी न्यायला येत नाही. इंडोनेशियाने हे अनुभवले आहे. तिथे बारा-तेरा हजार निर्वासित वर्षानुवर्षे अडकून आहेत, कामाचा हक्क नाही. 1 जुलै 2014 नंतर इंडोनेशियात नोंदणी केलेल्यांना आपण पुनर्वसनासाठी घेणार नाही, असे ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी जाहीर केले. उरलेली वाट अशी बंद झाल्यावर शेजाऱ्याकडून ‘माणुसकी दाखवा’ ही अपेक्षा किती दिवस चालणार? माझा रोष बोट ढकलणाऱ्या नौदलावर आहेच, पण त्याहून जास्त तो दूर बसून इतरांना ती उतरवून घ्यायला सांगणाऱ्यांवर आहे.

हा हिशेब बदलता येतो याचा पुरावा याच भागात आहे, आणि तो आपण विसरलो. 1979 मध्ये व्हिएतनामहून बोटींचा लोंढा आला तेव्हा ‘आसियान’च्या पाच देशांनी जाहीर केले की आता एकही माणूस घेणार नाही. जुलैमध्ये जिनिव्हात परिषद झाली आणि पाश्चात्त्य देशांनी 2,60,000 लोकांना नेण्याचे वचन दिले. त्यानंतर किनारे पुन्हा उघडले. त्याच काळात एक छोटी, फारशी न गाजलेली योजना झाली. व्यापारी जहाजाने समुद्रात निर्वासितांना वाचवले, पण ते जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली आहे तो देश माणसे घेणारा नसेल, तर काही ठरावीक देश मिळून त्यांना घेण्याची हमी देत. ती हमी दाखवली की बंदर त्यांना उतरू देई. कप्तानाला बोटीजवळून नजर चुकवून निघून जायची गरज उरत नसे. प्रादेशिक सहकार्याची इतकी व्यवहारी कल्पना मला दुसरी माहीत नाही.

पुढे जून 1989 मध्ये याच प्रश्नावर व्यापक कृती आराखडा झाला. पहिल्यांदा पोहोचतील त्या देशांनी तात्पुरता आसरा द्यायचा, प्रत्येकाचा दावा तपासायचा, निर्वासित ठरतील त्यांना पाश्चात्त्य देशांनी न्यायचे, न ठरतील त्यांना व्हिएतनामने परत घ्यायचे, आणि व्हिएतनामने कायदेशीर बाहेर पडण्याची वाट रुंद करायची. ती वाट 1979 पासून सुरू होतीच. परिणाम पाहा: 1989 मध्ये सुमारे 70,000 व्हिएतनामी या भागात आश्रय मागायला आले होते, 1992 मध्ये अवघे 41. तपासणीत लाचखोरीच्या तक्रारी झाल्या, हाँगकाँगमध्ये लोकांना बळजबरीने विमानात चढवले गेले, आणि त्या गोष्टी मी डोळ्यांआड करणार नाही. पण दलालांचे गिऱ्हाईक आटले ते केवळ गस्तीने आटले नाही. प्रत्येक टप्प्यावर कोणत्या देशाने काय करायचे हे लिहिलेले होते, आणि ज्याने सोसले त्याला मोबदला मिळत होता.

याउलट ऑस्ट्रेलिया आणि मलेशिया यांचा 25 जुलै 2011 चा करार घ्या. बोटीने आलेले 800 जण मलेशियाला पाठवायचे आणि बदल्यात चार वर्षांत 4,000 निर्वासित तिथून न्यायचे. अदलाबदलीची मूळ कल्पना मला पूर्ण चुकीची वाटत नाही, चार हजार जागा ही लहान गोष्ट नव्हती. पण पाठवलेल्यांना मलेशियात कायद्याचे संरक्षण काय, याला उत्तर नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (तिथले हेच सर्वोच्च न्यायालय) 31 ऑगस्टला सहा विरुद्ध एक मताने तो रद्द केला. धडा सरळ होता: आधी संरक्षण कायद्यात आणा, मग वाटणी करा. तिथल्या राजकारणाने दुसराच धडा घेतला आणि सप्टेंबर 2013 पासून बोटी समुद्रातूनच मागे फिरवणे सुरू झाले. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर येणाऱ्या बोटी त्याने जवळपास बंद झाल्या, हे खरे आहे आणि ते नाकारून चर्चा पुढे जात नाही. आधीच्या काळात बुडून मेलेल्यांची संख्याही खरी आहे. ऑक्टोबर 2001 मध्ये एकाच बोटीवरचे 353 जण बुडाले, त्यांत 146 मुले होती. पण मागे फिरवलेली माणसे नाहीशी होत नाहीत, ती इंडोनेशियात, मलेशियात, छावण्यांत राहतात, आणि शेजाऱ्यांशी संबंध ताणले जातात. जानेवारी 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाला इंडोनेशियाच्या हद्दीत नौदलाची जहाजे घुसल्याबद्दल माफी मागावी लागली. त्याआधी नोव्हेंबर 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या फोनवर पाळत ठेवल्याचे प्रकरण बाहेर आले तेव्हा इंडोनेशियाने चोरट्या वाहतुकीविरुद्धचे सहकार्य थांबवले होते. ज्या सहकार्यात दुसऱ्या बाजूला आपले काही हित दिसत नाही, ते पहिल्या भांडणात तुटते.

पोलिसी सहकार्य निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. ते योग्य माणसांवर रोखले तर फार मोलाचे आहे. थायलंडमध्ये 2015 च्या त्या धरपकडीतून उभ्या राहिलेल्या मोठ्या खटल्याचा निकाल 2017 मध्ये लागला. 103 आरोपींपैकी 62 दोषी ठरले, त्यांत लेफ्टनंट जनरल मनास कोंगपान होते, त्यांना 27 वर्षांची शिक्षा झाली. एका लष्करी सेनापतीपर्यंत तपास पोहोचला तो बँक खात्यांमधल्या पैशाच्या मागावरून आणि जंगलातून सुटलेल्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून. या तपासाचे प्रमुख पोलीस अधिकारी मेजर जनरल पवीण पोंगसिरीन यांना मात्र जिवाच्या भीतीने डिसेंबर 2015 मध्ये देश सोडून ऑस्ट्रेलियात आश्रय मागावा लागला. साक्षीदारांचे काय होत असेल याचा अंदाज यावरून करा. मी ज्यांच्याबरोबर न्यायालयात गेले आहे त्यांतल्या बहुतेकांना एकच भीती असायची: साक्ष दिली की आपले काम संपेल आणि परत स्थानबद्धतेत टाकतील. साक्षीदाराला राहण्याचा परवाना, काम आणि घरच्यांना संरक्षण मिळाले नाही तर खलाशांच्या पलीकडे एकही खटला जात नाही. देशांनी संयुक्त गस्तीवर घालवलेल्या पैशाचा एक भाग यावर घातला, पैशाचा माग काढणाऱ्या विभागांना एकमेकांशी थेट बोलू दिले, तर दलालांना खरा चटका बसेल.

आणि मागणी? ती कशाची आहे हे बोटीत कोण बसते त्यावरून कळते. ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात आले. कॉक्स बाजारच्या छावण्यांतून निघणाऱ्या बोटींत पुढच्या वर्षांत बायका आणि मुले वाढत गेली. मलेशियात आधीच नोंदणी झालेले निर्वासित 1,80,000 च्या पुढे आहेत, बहुसंख्य म्यानमारचे. कुणाचा नवरा तिथे आहे, कुणाचा बाप, कुणाचे लग्न तिथल्या मुलाशी ठरले आहे. एकदा एका मुलीला मी विचारले, बोटीशिवाय दुसरी वाट शोधली होती का? ती म्हणाली, दुसरी वाट असते हेच मला कुणी सांगितले नाही. तिच्या बाबतीत ते खरेच होते, कारण दुसरी वाट नव्हती. नवऱ्याकडे किंवा आईबापाकडे कायदेशीर जाण्याचा एक अरुंद मार्ग दोन देशांनी मिळून उघडला, मलेशियात नोंदणी झालेल्यांना कामाचा हक्क दिला, तर या बोटींतल्या कित्येक जागा रिकाम्या राहतील. त्यासाठी चाळीस देशांची सहमती लागत नाही, दोन-तीन पुरतात.

म्हणून पुढच्या वेळी एखादा प्रादेशिक करार वाचाल तेव्हा गस्तीची आणि प्रशिक्षणाची पाने बाजूला ठेवून पाहा: बोट दिसली तर तिला जवळचे कोणते बंदर आत घेईल, हे त्यात नावाने लिहिले आहे का. तो खर्च कोण देणार आणि किती महिन्यांत कोणता देश किती माणसे नेणार, याचे आकडे आहेत का. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या नोंदीप्रमाणे 2023 मध्ये या समुद्रात किमान 569 रोहिंग्या मेले किंवा बेपत्ता झाले, 2014 नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. मार्च 2024 मध्ये पश्चिम आचेजवळ एक बोट उलटली. तिच्या पालथ्या पाठीवर माणसे रात्रभर बसून होती. त्यांना आधी दिसले ते कोळ्यांचे होडके.